मैलाचे दगड कसे रंगवावेत

गेल्या महिन्यात न्यू जर्सीतील आमच्या एडिसन गावात वादळ झाले, वीज गेली आणि ६१ तासांनी परत आली. पुढच्याच आठवड्यात बिल आले. त्याच पाकिटात अमेरिकेच्या ऊर्जाविकासातील मैलाचे दगड सांगणारी एक गुळगुळीत, रंगीत पुस्तिकाही होती. उद्या आपणांपैकी कोणावर अशी पुस्तिका लिहिण्याची वेळ आली तर हाताशी असावेत, म्हणून तिच्या अभ्यासातून काढलेले काही नियम येथे देत आहे.

आरंभ पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिलपासून करावा. २७ ऑगस्ट १८५९ रोजी कर्नल एडविन ड्रेक यांच्या विहिरीला साडेएकोणसत्तर फुटांवर तेल लागले, हे ठळक अक्षरांत छापावे. ड्रेक कर्नल कधीच नव्हते, गावात वजन पडावे म्हणून त्यांच्या तेल कंपनीच्या मंडळींनीच पत्रांच्या पाकिटांवर तसे लिहायला सुरुवात केली होती, आणि जमिनीत लोखंडी नळी ठोकत नेण्याच्या युक्तीचे पेटंट न घेतलेल्या या गृहस्थांना अखेरीस राज्याने दिलेल्या पेन्शनवर दिवस काढावे लागले, हा मजकूर जागेअभावी गाळावा. जागा नेहमी अशाच ठिकाणी कमी पडते.

टेक्सासमधील स्पिंडलटॉपचे तेल १० जानेवारी १९०१ रोजी उसळले आणि नऊ दिवस कोणालाही आवरले नाही. या नासाडीला समृद्धी म्हणावे.

कोळशाच्या पानावर हसरा कामगार असावा. ६ डिसेंबर १९०७ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील मोनोंगाच्या खाणीत एका स्फोटाने मारलेल्या ३६० हून अधिक जणांपैकी तो नसावा, एवढी खबरदारी घ्यावी.

व्हाइट हाउसच्या छतावरील सौर पट्ट्यांचे छायाचित्र १९७९ चे, म्हणजे त्या चढवल्या तेव्हाचे निवडावे. १९८६ मध्ये त्या उतरलेल्या होत्या.

एडिसनसाहेबांना मात्र दोन पाने द्यावीत. त्यांची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा आमच्याच गावात होती आणि तेथील स्मारकाच्या मनोऱ्यावर काचेचा प्रचंड दिवा बसवलेला आहे. त्याच गावात मी तीन रात्री मेणबत्तीपाशी बसून काढल्या. ४ सप्टेंबर १८८२ रोजी मॅनहॅटनमधील त्यांचे पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र सुरू झाले, हे अवश्य लिहावे. परंतु त्या केंद्राच्या तारा त्यांनी जमिनीखालून नेल्या होत्या, हे चुकूनही लिहू नये, कारण वाचक लगेच खिडकीबाहेर पाहतो. पुढच्याच वर्षी, जानेवारी १८८३ मध्ये, आमच्यापासून फार दूर नसलेल्या रोसेल गावात त्यांनी तारा खांबांवरून नेऊन पाहिल्या. मार्च १८८८ च्या हिमवादळात न्यू यॉर्कमधील तारांचे जंजाळ रस्त्यावर आले, आणि त्या जमिनीखालीच घातल्या पाहिजेत हे तेथे सर्वांना पटले. आमच्या गल्लीला हा निरोप अद्याप मिळालेला नाही. आमच्या तारा लाकडी खांबांवर आहेत आणि त्यांतल्या एका तारेवर मेपलची फांदी टेकलेली होती, हे मी एप्रिलमध्ये दूरध्वनीवरून कळवले, मे महिन्यात छायाचित्रासह कळवले, आणि दोन्ही वेळा मला तक्रार क्रमांक आणि धन्यवाद मिळाले. फांदीने वादळाची वाट पाहिली. फ्रीझरमधला, सणासुदीला मोजून काढायचा आमरस दुसऱ्या दिवशी दुपारी दाराच्या फटीतून फरशीवर ओघळला.

म्हणूनच शेवटचा नियम असा की झाडांना इतिहासात स्थान देऊ नये. १४ ऑगस्ट २००३ रोजी ओहायोमध्ये विजेच्या भारी वाहिन्या उन्हाने आणि भाराने खाली झोळल्या व न छाटलेल्या झाडांना टेकल्या. नियंत्रण कक्षातील धोक्याची सूचना देणारी यंत्रणा बंद पडली होती, आणि ती बंद आहे याचीही तेथे कोणाला कल्पना नव्हती. अमेरिका आणि कॅनडातील सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. चौकशी अहवालाने छाटणीतील हयगयीवर स्पष्ट बोट ठेवले. तोवर वीजजाळ्याच्या विश्वासार्हतेचे नियम पाळणे ऐच्छिक होते; ते बंधनकारक करणारा कायदा व्हायला २००५ उजाडले. हा मैलाचा दगड नव्हे तर काय आहे? पुस्तिकेत २००३ हे सालच नाही!

आता नियम पुरेत. पुस्तिका काढणाऱ्यांनो, बिलात वितरणाचे पैसे तुम्ही वेगळे लावता. ते तारा, खांब आणि छाटणी यांसाठी असतात, ड्रेक यांच्या रंगीत चित्रासाठी नव्हेत. पहिली विहीर आणि पहिला दिवा यांत तुमचे काहीच कर्तृत्व नाही. ज्यांचे होते ते कधीच गेले. तुमच्या वाट्याला एक करवत आणि एक शिडी एवढेच काम आले होते, तेही तुम्ही केले नाही, आणि वर त्या माणसांच्या पुण्याईवर आपले नाव छापून ते आम्हाला पाठवता. याची लाज वाटायला हवी होती.

पडलेली फांदी उचलून नेली आहे. पलीकडच्या खांबापाशी दुसरा मेपल तारेपासून वीतभर अंतरावर आला आहे. त्याचाही तक्रार क्रमांक मला मिळाला आहे.