भुईआवळ्याने "कुठलीही कावीळ तीन दिवसांत" बरी होत नाही

भुईआवळ्याचा तो मेसेज परत फिरतोय. रोज सकाळी अनशापोटी रस घ्या, कुठलीही कावीळ तीन दिवसांत जाते, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, साइड इफेक्ट शून्य, डॉक्टरकडे कावीळीला औषध नसतं, तिकडे जाऊच नका. वनस्पती माझ्या आवडीची आहे, डहाळी उलटी केली की पानांच्या देठापाशी मोहरीहून जरा मोठी हिरवी फळं ओळीने लटकलेली दिसतात, पण तिच्या नावावर हे असलं खपवलेलं बघवत नाही.

आधी "कुठलीही कावीळ". अहो कावीळ हा एक आजार नाहीच, ते लक्षण आहे. हिपॅटायटिस ए (विषाणूमुळे यकृताला येणारी सूज, तिचा एक प्रकार) असेल तर बहुतेक लोक काही आठवड्यांत आपोआप बरे होतात, त्या काळात जे घ्याल त्याला श्रेय मिळतं. पण पित्तनळीत खडा असेल तर रस पिऊन तो हलणार नाही. माझ्या मावशीचे पंधरा दिवस यातच गेले, अंगाला नुसती खाज आणि शौचाला पांढुरकी मातीसारखी, आणि आम्ही म्हणत होतो उतरेल उतरेल, शेवटी सोनोग्राफीत खडा दिसला. लेप्टोने, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जंतूंच्या आजाराने कावीळ झाली असेल तर अँटिबायोटिक लागतं. गरोदरपणात हिपॅटायटिस ई झाला तर जिवावर बेतू शकतं, तिथे तीन दिवस वाट बघायची?

"सिद्ध केलंय" याचं मूळ आहे, ते नाकारत नाही. 1988 साली मद्रासच्या संशोधकांचा अभ्यास लॅन्सेटमध्ये आला होता, हिपॅटायटिस बी चे वाहक (अंगात विषाणू आहे पण आजारी दिसत नाहीत असे लोक), भुईआवळ्याची पावडर 30 दिवस, 37 पैकी 22 जणांच्या रक्तातून विषाणूचं अँटिजेन (विषाणू अंगात असल्याची खूण) गेलं, आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्या 23 पैकी एकाचंच. आकडे भारीच आहेत, पण नंतर इतरांनी करून बघितलं तेव्हा तसा रिझल्ट आला नाही. शिवाय तो प्रयोग वाहकांवर होता, पिवळ्या पडलेल्या पेशंटवर नाही, आणि तीन दिवसांचा तर नाहीच नाही.

परंपरेचं म्हणाल तर चरकसंहितेत तामलकी, म्हणजे हाच भुईआवळा असं मानतात, ती खोकल्याच्या आणि दम्याच्या औषधांच्या गणात आहे. हे मात्र मेसेजवाल्यांना कधी आठवत नाही.

साइड इफेक्ट शून्य म्हणे! याच्यासारख्या दिसणाऱ्या तीन-चार जाती शेजारीशेजारी उगवतात, त्यात तणनाशक मारलेल्या बांधावरून उपटून आणलं तर पोटात काय जातंय कळणारही नाही.

"डॉक्टरकडे कावीळीला औषध नसतं" हे अर्धंच खरं. हिपॅटायटिस ए ला खास गोळी नाही, मान्य. पण हिपॅटायटिस सी आता साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा बरा होतो. आणि कुठली कावीळ आहे, रक्त गोठण्याची क्षमता घसरतेय का, हे तपासणीशिवाय कसं कळणार? रस प्यायचाच असेल तर वैद्यांना विचारून प्या, पण आधी लिव्हर फंक्शन टेस्ट करा, आणि माणूस सारखा झोपायला लागला, असंबद्ध बोलायला लागला किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.