नॉबला टेप मारली म्हणजे पेडल सेफ? नाही ओ!

ऑर्केस्ट्रा आणि बँडवाल्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गिटारच्या इफेक्ट पेडलबद्दल (पायानं दाबून आवाज बदलायची ती छोटी डबी) एक मेसेज फिरतोय, लग्नसराई आली की कोणतरी परत ढकलतंच. म्हणणं असं की पेडल लोखंडाचं असतं त्याला काय होत नाही, नॉबवर सेलोटेप मारा, सोलापुरी टॉवेलात गुंडाळा, सेटिंगचा एक फोटो काढा, केबल लावूनच ठेवा म्हणजे स्टेजवर वेळ वाचतो, आणि मल्टी (एकातच अनेक इफेक्ट असलेलं पेडल) असेल तर टेन्शनच नाही, सगळं आत सेव्ह असतं. वाचायला भारी वाटतं. पण काळजी सगळी नॉबची आणि मार बसतो जॅकला, म्हणजे केबल घालायच्या भोकाला. नॉब हलला तर दहा सेकंदात जागेवर येतो, जॅक तुटला तर बार्शीच्या मंडपात रात्री नऊ वाजता सोल्डरिंग गन कोण आणून देणार?

लोखंडाचं म्हणाल तर, बॉस कंपनीचा डीएस-१ १९७८ पासून विकला जातोय आणि त्याची बॉडी खरंच दणकट, मान्य. बॉडीबद्दल भांडण नाहीच. बाहेर काय येतं ते बघा की, नॉब, जॅक, अ‍ॅडॉप्टरचं सॉकेट, छोटे टॉगल स्विच. पडल्यावर आपटतं ते हेच.

म्हणून केबलवाला सल्ला सगळ्यात डेंजर. बॅगेत पेडलला पिन लावून ठेवली की ती बाहेर आलेली पिन म्हणजे तरफ होते, वरून कोणाची बॅग बसली की सगळा जोर जॅकच्या नटवर आणि आतल्या सोल्डरवर. नट सैल झाला की जॅक फिरायला लागतो, वायर तुटते, आणि मग स्टेजवर आवाज येतोय जातोय, शिव्या मात्र साउंडवाल्याला. त्यात बॅटरीवर चालणाऱ्या बहुतेक पेडलमध्ये इनपुटला पिन गेली की बॅटरी चालू होते, पेडल बंद दिसत असलं तरी. म्हणजे रात्रभर गाडीत बॅटरी जळत बसते. पेडल कडक बोर्डवर पक्के बसवलेले असतील आणि मधे पेडलला पेडल जोडणाऱ्या आखूड, एल आकाराच्या पिनच्या पॅच केबल असतील तर त्या राहू द्या, चालतंय. सुटे पेडल असतील तर सगळं काढायचं, आणि बरेच दिवस प्रोग्राम नसेल तर बॅटरीपण, कारण ती गळली की आतले पॉइंट खाते.

टॉवेल. आपल्या सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला जीआय (गावाच्या नावाचा सरकारी शिक्का) आहे, अभिमान आहेच, पण टॉवेलाचे ते बारीक लूप टॉगलमध्ये अडकतात, ओढताना नॉब फिरतो आणि लिंट स्विचच्या फटीत जाते. चादर वापरा ना, पण डब्याच्या बाहेरून. आत कडक फोम, आणि तो बाजूनं धरणारा हवा, वरून दाबणारा नको. झाकण आणि नॉबमध्ये बोटभर जागा सोडा. झाकणच नॉबवर दाबत असेल तर खड्ड्याखड्ड्याला तेच सेटिंग फिरवतं, टेप असो नसो.

टेपचं तर मे महिन्यात विचारूच नका. बाहेर चाळिशी पार, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त, सेलोटेपचा गोंद वितळून नॉबला चिकटतो, काढताना छापलेली अक्षरंपण घेऊन येतो. अगदीच पाहिजे तर पेंटरवाली कागदी टेप, तीपण पोचल्या पोचल्या काढायची. आणि हो, त्याच उन्हात पेडल बोर्डला चिकटवायच्या वेल्क्रोचा गोंदसुद्धा ढिला पडतो, बॉसच्या खालच्या रबरावर तर तो आधीच नीट धरत नाही. काही जण सायकलच्या चेनची कडी पेडलच्या खालच्या स्क्रूत अडकवून बोर्डला फिट करतात. दिसायला कसंतरीच, पण हलत नाही.

फोटो काढा, फुकट आहे. फक्त बरोबर वरून काढा, तिरक्या फोटोत नॉबचा घड्याळाच्या दहावरचा काटा अकरावर दिसतो. आणि आधी नॉब पूर्ण डावीकडे फिरवून बघा, काटा साधारण सातवर थांबतोय का. नसेल थांबत तर नॉब दांड्यावर घसरलाय, तुमचा फोटो खोटा. डिलेचं (आवाजाचा प्रतिध्वनी किती वेळानं यायचा त्याचं) सेटिंग तर फोटोपेक्षा आकड्यात लिहा. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) एक ठोका ५०० मिलिसेकंद, डॉटेड एट्थ (पाऊण ठोका) ३७५. केसभर नॉब हलला तरी ते ठेक्यात बसत नाही. तसंही सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिराच्या बंद हॉलमध्ये जुळवलेला गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) उघड्या मैदानावर तसाच वाजेल हे विसरा, तिथं कानानंच परत बघावं लागतं.

मल्टीत सेव्ह असतं हे खरं, लाइट गेली तरी जात नाही. पण मशीनच गेलं तर? यूएसबीनं लॅपटॉपवर बॅकअप घेऊन ठेवा की. शिवाय प्रीसेटवर (सेव्ह केलेल्या सेटिंगवर) असताना नॉब कुठंय याला अर्थ नसतो, तिथं फोटोचा काय उपयोग नाही, उलट चुकून नॉबला हात लागला की आवाज एकदम उडी मारतो.

आणि एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये अ‍ॅडॉप्टरचं नावच नाही! बहुतेक पेडलला ९ व्होल्ट, मधली पिन निगेटिव्ह. अ‍ॅडॉप्टर घरी राहिला की कीबोर्डवाल्याचा १२ व्होल्टचा उसना घेऊन खुपसायचा, आणि तो उलट्या पोलॅरिटीचा (प्लस-मायनस उलटा) निघाला की प्रवासात वाचलेलं पेडल तिथंच संपायचं. मार्करनं अ‍ॅडॉप्टरवर व्होल्ट आणि पोलॅरिटी लिहा, आणि पेडलच्याच डब्यात टाका.