पैठणी, गमबूट आणि खरा बर्फ

"बर्फ दिसला पाहिजे, पण थंडी दिसता कामा नये," शेठ म्हणाले आणि त्यांनी पंखा एक नंबरने वाढवला.

दुकानाच्या पोटमाळ्यावर आम्ही बसलो होतो. लग्नसराईचा कॅटलॉग काढायचा होता. एप्रिल-मेमधल्या लग्नांच्या साड्या जानेवारीत टिपायच्या, हे आमच्या धंद्यात रीतीला धरूनच आहे. ऐन मे महिन्यात लोकरी स्वेटर घातलेल्या मुलाला मी पर्वतीच्या पायऱ्यांवरून हसत हसत खाली पळवलेलं आहे. त्यामुळे ऋतूशी माझं भांडण नव्हतं. मी एवढंच सुचवलं, की स्टुडिओत थर्माकोलचा चुरा, दोन किलो कापूस आणि मागे निळसर पडदा एवढ्यात भागतं. गणपतीच्या आरासीत अख्खा कैलास उभा राहायचा, मग आपला बर्फ का नाही? शेठ दुखावले. "आपल्याकडे खोटं काही नसतं. रेशीम खरं, जर खरी. बर्फही खराच पाहिजे."

खरा बर्फ गुलमर्गला होता.

आम्ही पाच जण निघालो. दोन मॉडेल, एक नाशिकची आणि एक नागपूरची. मेकअपवाल्या ताई. माझा असिस्टंट, सांगलीकडचा, ज्याने तोवर बर्फ फक्त उसाच्या रसात पाहिला होता. आणि मी. बरोबर चौदा पैठण्या, ज्यांचा विमा होता. आमचा नव्हता.

काश्मीरात २१ डिसेंबर ते ३० जानेवारी या ४० दिवसांना चिल्ले कलान म्हणतात. हिवाळ्यातला सगळ्यात कडक तुकडा. आम्ही त्याच्या बरोब्बर मध्यावर उतरलो होतो. ही बातमी श्रीनगरच्या विमानतळावरून निघाल्यावर ड्रायव्हरने अभिनंदनाच्या सुरात दिली. टंगमर्गला त्याची गाडी सोडून चाकांना साखळ्या बांधलेल्या गाडीत बसायचं होतं, कारण पुढचा १३ किलोमीटरचा चढ बर्फातला. तिथेच लांब कोट आणि गमबूट भाड्याने मिळतात. मी एका बुटात पाय घातला तर आधीचा भाडेकरू अजून आत राहत असावा असं वाटलं. असिस्टंटच्या मापाचे मिळेनात. शेवटी अकरा नंबरचे मिळाले, त्याचा पाय आठचा. या अकरा नंबरने पुढे काय केलं ते सांगतोच.

सकाळी उणे नऊ होतं. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून साधारण २,६५० मीटरवर आहे. एवढ्या उंचीवर वहिनींच्या भूमिकेतल्या नागपूरच्या मुलीला जांभळ्या पैठणीत उभं केलं. आतून तीन थर थर्मल, त्यामुळे ब्लाउज शिवताना घेतलेलं माप आणि आताचं माप यांची ओळख पटेना. साडीखाली गमबूट. नऊवारी नेसवली असती तर ते उघडे पडले असते, म्हणून सहावारी. फोटोत सगळं झाकलं जात होतं, पण चालायला सांगितलं की पैठणीतली वहिनी भातलावणीला निघाल्यासारखी पाय उचलून टाकायची.

आता कॅमेऱ्याचं. कॅमेऱ्याची एक समजूत असते. समोर जे काही येईल ते सरासरीने मध्यम राखाडी असणार, असं त्याला कारखान्यातच पढवलेलं असतं. म्हणून समोर काळी म्हैस आणा, तो तिला उजळून राखाडी करतो. बर्फ आणा, तो काळवंडून राखाडी करतो. मग एक्स्पोजर, म्हणजे फोटोत शिरणारा उजेड, दीड-दोन स्टॉप वर चढवून त्याची समजूत काढावी लागते. हे मला पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि उणे नऊमध्ये ती बारीक चकती फिरवणं वेगळं. हातमोजा घातला की चकती फिरत नाही, काढला की बोट फिरत नाही.

पहिला फोटो शेठना पाठवला. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड कार्ड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, त्यामुळे बाकी चौघांचे फोन मुके झाले होते. माझं एकट्याचं पोस्टपेड. इतकी वर्षं बिल वेळेवर भरल्याचा पश्चात्ताप मला त्या दिवशी झाला. शेठचं उत्तर आलं, "गच्चीवर काढलाय का? सिमेंट दिसतंय."

चकती वर चढवली, सूर्य देवदारांच्या मागे गेला, सावलीतला फोटो पाठवला. सावलीतला बर्फ वरच्या आभाळाचा निळा उजेड परत फेकतो, तसा तो फेकत होता. "आता नीळ कुणी घातली?"

सूर्य आला तेव्हा आणखीन वेगळं. ताजा बर्फ अंगावर पडलेला बहुतेक सगळा उजेड परत वर उधळतो. रिफ्लेक्टर म्हणून आम्ही पुण्याहून वाहून नेलेली ती चंदेरी चकती पाहून स्लेजवाले चाचा पोट धरून हसले. पण तो उजेड खालून येतो. लोडशेडिंगमध्ये लहान पोरं हनुवटीखाली टॉर्च धरून एकमेकांना घाबरवतात, तशी नवरी दिसायला लागली. पैठणीच्या पदरावरचे मोर सुंदर दिसत होते. वर पाहिलं की हडळ.

बर्फ म्हणजे एकदाच वापरायची रांगोळी. पाय पडला की मोडली, आणि पुसून पुन्हा काढता येत नाही. मी कोऱ्या उतारावर नाशिकच्या मुलीला उभं केलं. मागे सगळं स्वच्छ, अस्पर्श. मी डोळा लावला. तेवढ्यात असिस्टंटला तिच्या पदराची चुणी वाकडी दिसली. कामात तो तत्पर आहे. धपाधप चालत गेला, चुणी सरळ केली, धपाधप परत आला. फ्रेममध्ये नवरी एकटीच होती, पण अकरा नंबरच्या पावलांचं कुणीतरी तिच्यापर्यंत येऊन परत गेल्याच्या खुणा होत्या. लग्नसराईच्या कॅटलॉगला हे बरं नव्हे. आम्ही शंभर पावलं पुढे सरकलो. तिथे एक गुबगुबीत कुत्रा आला, नवरीभोवती सात फेरे घालून गेला.

मग वाफ. बोलली की वाफ, हसली की वाफ, नुसता श्वास सोडला तरी चहाच्या किटलीसारखी वाफ. थंडी दिसता कामा नये. श्वास रोखून धरायला सांगितलं तर चेहरा पाण्याखाली असल्यासारखा होई. यावर सिनेमावाल्यांचा एक जुना तोडगा आहे. तोंडात बर्फाचा खडा धरायचा, म्हणजे आतली हवाही गार होते आणि वाफ दिसत नाही. मी हा तोडगा नागपूरच्या मुलीला सांगितला. ती काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे पाहत राहिली. तो चेहरा मी टिपायला हवा होता, नवरात्राच्या कॅटलॉगला महिषासुरमर्दिनी म्हणून चालला असता. मग तिने खाली वाकून मूठभर बर्फ उचलला. तिने तो तोंडात घातला, माझ्या कॉलरमध्ये नाही, याला मी व्यावसायिक निष्ठा म्हणतो.

दागिन्यांचा मात्र कुणी विचारच केला नव्हता. बांगड्या मनगटाला चटके देत होत्या, गारठ्याचे चटके. पुण्याहून डब्यात जपून आणलेला मोगऱ्याचा गजरा गोठला आणि तिने मान हलवली की टकटक वाजायला लागला. आणि नथ! तारेची, मोत्यांची, नाकाला चिमटून बसलेली नथ उणे नऊमध्ये काय करते हे एकही नवरी सांगू शकणार नाही, कारण एवढ्या थंडीत आपल्याकडे कुणी लग्नं लावत नाही. नाक आधी गुलाबी झालं, मग लाल, मग वाहायला लागलं. मेकअपवाल्या ताई दर दोन मिनिटांनी टिश्यू घेऊन धावत. अर्थात मागून वळसा घालून, पावलं दिसू नयेत म्हणून.

दुपारी काकू आल्या. महाराष्ट्रातून आलेल्या सहलीतल्या बारा काकू. सगळ्यांच्या डोक्याला माकडटोप्या, साड्यांवर भाड्याचे कोट. लांबून एकीने ओरडून सांगितलं, "अगं बाई, पैठणी!" आणि पुढच्या मिनिटाला माझी कोरी रांगोळी चोवीस गमबुटांनी मोडून निघाली. एकीने पदर उलटा करून मोर तपासले. "येवल्याची का गं? हातमागाची दिसते. कितीला?" दुसरीने मुलीचा हात हातात घेतला आणि दचकलीच. मग माझ्याकडे वळली. "अहो फोटोवाले, तुम्हाला आईबहिणी आहेत की नाही? पोरीचे ओठ निळे पडलेत!" मी म्हणालो, लिपस्टिक आहे. काकूंनी पिशवीतून एक सुटी माकडटोपी काढली आणि गजऱ्यावरून, बिंदीवरून, सगळ्या शृंगारावरून थेट नवरीच्या हनुवटीपर्यंत ओढली. ताईंचा दीड तासाचा मेकअप आत गेला. मग प्रत्येकाच्या हातावर दोन दोन बाकरवड्या आल्या. त्या गोठून इतक्या कडक झाल्या होत्या, की चावताना आवाज दरीपलीकडे गेला असेल.

त्यानंतर अर्थातच "आमचाही एक काढा हो". पैठणी मध्ये, बाजूला बारा जणी. त्यात सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघतेय, नाकं लाल आहेत, माकडटोपीतली नवरी खळखळून हसतेय. त्या अख्ख्या दौऱ्यातला सगळ्यात चांगला फोटो तो आहे. शेठना तो मी पाठवला नाही. त्यात थंडी दिसते.

बॅटऱ्यांचं थोडक्यात सांगतो. गारठ्यात लिथियमची बॅटरी दम टाकते. ऐंशी टक्के दाखवणारी पुढच्या क्लिकला मरते. ती खिशात ऊब देऊन परत जिवंत करावी लागते. मी दिवसभर चार बॅटऱ्या बनियनच्या आत घेऊन अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखा वावरत होतो. चाचांनी फिरनच्या, म्हणजे त्यांच्या घोळदार झग्याच्या, आतली कांगडी, निखाऱ्यांची छोटी शेगडी, काढून पुढे केली, बॅटऱ्या शेकायला. त्यातले निखारे फुललेले आणि शेजारी पन्नास हजारांची पैठणी. मी दोन्ही हात जोडून ती परत त्यांच्या फिरनमध्ये पाठवली.

संध्याकाळी हॉटेलात बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, पेटवलेली होती. थंडीतून आलेला कॅमेरा एकदम ऊबदार खोलीत उघडा आणायचा नसतो, त्याला माठासारखा घाम फुटतो. बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करायचा आणि आत आणून सावकाश खोलीच्या अंगवळणी पडू द्यायचा. मी तसा बंद केला आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर कॅमेरा पिशवीबाहेर, बुखारीपासून हातभर अंतरावर, शेजारी असिस्टंट.

"दादा, त्यालाही दिवसभर थंडी वाजली असेल," तो म्हणाला.

भिंगावरून थेंब ओघळत होते. मीही थोडासा.

रात्री लॅपटॉपवर फोटो मोठे करून पाहिले तेव्हा नथ दिसली. आमच्या नथीला खालच्या ओळीत तीन मोती. एका फोटोत चार होते. चौथा इतरांपेक्षा जास्त पाणीदार, किंचित लांबट, लोंबता. ताईंच्या टिश्यूला एका सेकंदाचा उशीर झाला होता. मी तो फोटो बाजूला काढला, टाकायचा म्हणून. टाकायच्या आणि पाठवायच्या फोल्डरमध्ये अदलाबदल कुणी केली, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

शेठनी मुखपृष्ठाला तोच निवडला.

पाडव्याच्या आधी कॅटलॉग छापून आला. मी आईला नेऊन दिला. तिने चष्मा लावला, मुखपृष्ठ खिडकीपाशी धरलं.

"नथ सुरेख आहे. चार मोत्यांची नवीन घडण निघालीय वाटतं."

मी गप्प बसलो. तिने पान उलटलं, आणखी एक उलटलं, परत मुखपृष्ठावर आली आणि बर्फावरून बोट फिरवलं.

"आरासही छान केलीयस हो. पण थर्माकोलवर बंदी आली ना रे?"