मिक्सरमधलं काळं पाणी म्हणजे ग्राफीन नाही!

काल भाच्याने तो सगळीकडे फिरणारा व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, मी करून बघितलं, झालं ग्राफीन!" ग्राफीन म्हणजे कार्बनचा फक्त एका अणूइतका जाड थर; असे थर एकावर एक रचले की ग्राफाइट. पेन्सिलीचं शिसं आणि भांडी घासायचं लिक्विड मिक्सरमध्ये 10 मिनिटं फिरवा, ते कागदावर फासा की सर्किट तयार, आणि चिप्स ज्याच्या बनतात त्या सिलिकॉनचे दिवस संपले, असा तो दावा. आता पोरं घरात हे करायला लागलीत म्हणून लिहितेय.

आधी जे खरं आहे ते. 2014 मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या जोनाथन कोलमन यांच्या टीमने साध्या किचन ब्लेंडरमध्ये ग्राफाइटचे थर सुटे करून दाखवले होते, साबणाच्याच पाण्यात. पण त्यांनी नुसतं ग्राफाइट घेतलं होतं, आणि पेन्सिलीच्या शिशात ग्राफाइटबरोबर चिकणमातीही असते, ती कुठे जाणार?

मुख्य घोळ म्हणजे काळं पाणी दिसलं की ग्राफीन झालं असं समजणं. भाच्याने बरणीचा फोटो पाठवलाय, रात्रभरात तळाला जाड काळा गाळ बसलाय आणि वर करडं पाणी. तो गाळ म्हणजे न सुटलेलं ग्राफाइट आणि ती चिकणमाती. खरं काम तिथून पुढे आहे, सेंट्रिफ्यूजमध्ये (प्रचंड वेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवून जाड कण खाली बसवायचे आणि वरचं पाणी तेवढं घ्यायचं. याच टीमच्या 2008 च्या पेपरमध्ये इतकं सगळं करून एका लिटरमागे साधारण 10 मिलिग्रॅम ग्राफीन हाती लागलं होतं, आणि एकच थर असलेलं तर मूळ ग्राफाइटच्या जेमतेम 1 टक्का! शिवाय साबण धुऊन काढला नाही तर तो कणांच्या मधे अडकतो, मग एका कणातून दुसऱ्यात करंट नीट जातच नाही.

सिलिकॉन संपलं वगैरे सोडा. ग्राफीनला बँडगॅप (करंट अडवून धरणारी ऊर्जेची फट) नाही, त्यामुळे त्याचा ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला छोटा स्विच, धड बंदच होत नाही, मग प्रोसेसर कसला करणार? ग्राफीनच्या शाईतून छापील अँटेना, सेन्सर, इलेक्ट्रोड होतात, आणि तेही काही कमी नाही.

पण मला खरा राग आलाय तो व्हिडिओखालच्या सल्ल्याचा, "साबणाऐवजी एनएमपी वापरा, जास्त निघतं." अरे, एनएमपी हे सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारं रसायन, गर्भाला घातक आहे, कातडीतून शरीरात जातं, लॅबमध्येसुद्धा ग्लोव्हज घालून फ्यूम हूडखाली (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) हाताळतात आणि तुम्ही ते स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये ओतायला सांगताय? भाच्याला सांगितलंय, ते भांडं आता खाण्याच्या कशालाही वापरायचं नाही.