ती ट्यूब कुणाला देऊ नका

घरच्या ग्रुपवर आज पुन्हा एका मलमाचा फोटो. ‘कसलंही गजकर्ण असो, दोन दिवसांत खाज बंद!’ खाली अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं माझं.

खाज बंद होणारच हो. स्टेरॉइड आहे त्यात! त्वचेची झुंजच ते थंड करतं. लाली उतरते, आपण खूश, आणि गजकर्ण करणाऱ्या बुरशीला रान मोकळं. माझ्या मावसभावाचं हेच झालं. जांघेत नखाएवढा चट्टा होता. लाजेपोटी कुणाला दाखवला नाही, मित्राची ट्यूब लावत बसला. लावली की बरं, सोडली की दुप्पट. चट्टा कमरेपर्यंत चढला. डॉक्टरांकडे गेला तोवर गजकर्णाची ती ओळखीची गोल कडाच पुसली गेली होती. खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा बुरशीचे धागे दिसले. मांडीवरची कातडी पातळ होऊन जे ओरखडे उठले, ते मात्र कायमचे.

एक्झिमावाल्यांना स्टेरॉइड लागतं, मान्य. पण त्यांना ते डॉक्टर तपासून देतात, काका फोटो टाकून नाही.

आणि ‘फंगल’ म्हणून सगळं एकाच पोत्यात कोंबू नका. गजकर्णवाली ट्रायकोफायटन त्वचेतलं केराटिन नावाचं प्रथिन खाते. शिबं उठवणारी मॅलॅसेझिया त्वचेच्या तेलावर जगते, तुमच्या-माझ्या अंगावर ती असतेच. कँडिडाला ओलसर घड्या आवडतात. एकीचं औषध दुसरीला चालेलच असं नाही. ट्रायकोफायटनचीच एक जात, ट्रायकोफायटन इंडोटिनी, जिला हे नाव २०२० मध्ये मिळालं, तिचे बरेच वाण तर टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधालाही जुमानत नाहीत. भावाचं गजकर्णही त्या गोळ्यांना दाद देईना, शेवटी इट्राकोनॅझोल या दुसऱ्या बुरशीनाशकावर आला. मुळात बुरशीची पेशी जिवाणूपेक्षा आपल्या पेशीच्या जवळची, त्यामुळे तिला मारून आपल्याला फारसा धक्का न लावणारी औषधं मोजकीच. तीही अर्धवट घेऊन वाया घालवायची?

भावावर मी चिडू शकत नाही. तिथला चट्टा दाखवायला कुणाला बरं वाटतं? टॉवेल वेगळा ठेवायचा, पण कारण सांगायचा नाही. मावशीला वाटलं, रुसलाय.

तुमच्यापैकी कुणी अशी ट्यूब लावत असाल, तर ती घेऊनच त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. काय लावलं ते लपवू नका. आणि खाज गेली तरी सांगितलेले सगळे आठवडे औषध घ्या.