पेपर अख्खं घर वाचायचं, मग लॉगिनलाच मर्यादा का?

गटागटांतून एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर साधारण असा: ‘छापील पेपर अख्खं घर वाचायचं, कोणी अडवत नव्हतं. डिजिटल वर्गणीला मात्र दोन-तीन उपकरणांची मर्यादा. आणखी एकाने वाचलं तर यांचा खर्च शून्य, म्हणजे ही निव्वळ लूट. वर आपल्यावर पाळत ठेवतात ती वेगळीच. पासवर्ड माझा, मी कोणालाही देईन.’

वाचताना मान डोलते, हे कबूल. पण एकेक मुद्दा पाहू.

‘कोणी अडवत नव्हतं.’ अडवायची गरजच नव्हती. अंक एका वेळी एकाच जागी असतो. शेजाऱ्याने नेला की तो परत येईपर्यंत तुम्ही हात चोळत बसायचं. लॉगिन मात्र एकाच मिनिटाला दहा ठिकाणी उघडतं. शिवाय तेव्हा फुकट वाचणारा मालकाला हवाच असायचा. एक प्रत किती जण वाचतात याची पाहणी व्हायची, आणि खपापेक्षा मोठा तो वाचकसंख्येचा आकडा जाहिरातदारापुढे ठेवला जायचा. खर्चाचा मोठा वाटा जाहिराती उचलत होत्या. आता वर्गणीवर चालणाऱ्या पेपरसाठी तोच वाचक म्हणजे न आलेली वर्गणी.

‘खर्च शून्य.’ एक पान आणखी एका स्क्रीनवर पाठवायला जवळपास काही लागत नाही, हे खरं. खर्च त्याआधीच झालेला असतो: बातमीदार, संपादन, कज्जे लढणारे वकील. तो कोणावर किती वाटायचा, एवढाच प्रश्न उरतो.

‘लूट.’ इथे मेसेजला थोडा इतिहास सापडला असता. 2011 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने पैसे घ्यायला सुरुवात केली तेव्हा वेबसाइट आणि फोन हे एक पॅकेज, वेबसाइट आणि टॅब्लेट हे दुसरं, आणि सगळं हवं तर तिसरं, सर्वांत महाग. वाचक तोच, बातमी तीच, तरी स्क्रीन बदलली की दर बदलायचा. त्याला लूट म्हणा, मी वाद घालणार नाही. पण उपकरणांची मर्यादा ही वेगळी गोष्ट आहे. तिला खरं तर माणसं मोजायची असतात. माणसं दिसत नाहीत, म्हणून ती यंत्रं मोजते.

आणि तिथेच ती फसते. ‘पाळत’ म्हणतात ती बहुतेकदा इतकीच असते: लॉगिन केलं की सर्व्हर (पेपरकडचा संगणक) एक टोकन, म्हणजे ओळखीची खूण देतो, ते ब्राउझरमध्ये कुकी (छोटी साठवलेली नोंद) म्हणून राहतं आणि सर्व्हरकडच्या यादीत एक नोंद होते. नोंदी मोजल्या की झाली मर्यादा. त्यासाठी कॅमेरा लागत नाही की लोकेशन. पण या हिशोबात एकाच लॅपटॉपवरचे दोन ब्राउझर म्हणजे दोन उपकरणं. खासगी विंडो उघडली की तिसरं. ती बंद केली की कुकी पुसली जाते, सर्व्हरवरची नोंद मात्र मुदत संपेपर्यंत तशीच राहू शकते. एकदा माझ्या एकट्याच्या फोन आणि लॅपटॉपने मर्यादा भरली आणि वर मलाच ‘आपले खाते अनेक जण वापरत आहेत’ असा इशारा आला! चिडायचं तर यावर चिडा. नोंदवलेल्या उपकरणांची यादी वाचकाला दिसली पाहिजे, जुनं उपकरण काढता आलं पाहिजे, ‘सगळीकडून लॉगआउट’चं बटण पाहिजे. त्याहून बरं म्हणजे किती यंत्रं नोंदवली ते सोडून एका वेळी किती उघडी आहेत तेवढंच मोजावं. छापील अंकाच्या जवळ जाणारा नियम तोच. मेसेजमध्ये यातलं अक्षरही नाही.

‘पासवर्ड माझा.’ हो, आणि अनेकांचा तोच पासवर्ड ईमेललाही असतो. खात्यात काय काय वाचलं त्याची यादी असते, प्रतिक्रिया तुमच्या नावाने जातात, आणि आज दिलेला पासवर्ड पुढे कुणाकुणाकडे गेला ते कळत नाही. मित्राला एखादाच लेख वाचायला द्यायचा असेल तर बऱ्याच पेपरांत वर्गणीदाराला भेट-लिंक पाठवता येते. लेखाखालच्या शेअरच्या खुणेजवळ बघा, बहुधा तिथेच असते.