काका, कोड सांगा

बुधवारची गोष्ट, आज शनिवार उजाडला तरी डोक्यातनं जात नाहीये.

आमच्या आज्जीला (वय ९१, मुक्काम मंगळवार पेठ, सातारा) बघायला फिजिओथेरपीवाली मुलगी घरी आली होती. हाताची घडी छातीशी घालून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते मोजतात. नव्वदीपुढच्या बायकांचं चारच्या खाली आलं तर काळजी करायची म्हणे. आज्जी पाच वेळा उठली आणि सहाव्याला "आता चहा टाका कुणीतरी" म्हणून बसून राहिली. इथवर सगळं छान.

मग ती मुलगी म्हणाली, आता जमिनीवरनं उठून बघू, एकट्या असताना पडल्या तर आपलं आपल्याला उठता आलं पाहिजे. आज्जी बिचकली. तर ही मला म्हणते, "सर, आधी तुम्ही करून दाखवा ना, म्हणजे त्यांना धीर येईल."

मी ४६ चा. बसलो सतरंजीवर मांडी घालून. बसणं जमतं हो. पण तिनं नेमका तेव्हाच फॉर्म काढला, बीपीची गोळी कुठली, झोप लागते का, आणि मी आपला धीर देत तिथंच, उजवा पाय कधीच झोपलेला. तेवढ्यात दारात सिलेंडर आला.

"काका, कोड सांगा."

काका! तिशीचा तरी असेल तो. कोड मोबाईलमध्ये, मोबाईल टीव्हीपाशी चार्जिंगला. "एक मिनिट" म्हणून मी उठायला गेलो आणि वरचा निम्मा भाग निघाला, खालचा आलाच नाही. परत बसलो. परत निघालो. त्यानं शांतपणे सिलेंडर खाली ठेवला.

"आवं, असं सरळ न्हाय उठायचं. एका अंगावर व्हा. त्या न्हाय, डाव्या. हां, आता ढोपर टेका."

"सर, श्वास रोखू नका," ही मुलगी.

"आमची म्हैस गाभण हुती तवा अशीच बसायची बगा. मग आमी शेपटीला धरून उठवायचो."

यावर काय बोलायचं? मी म्हणालो, "हां." तो पुढं सांगायला लागला, दोघं लागतात, एक शिंगांकडं, एक शेपटीकडं, आणि घाई करायची न्हाय, जनावर बिथरतं. ती मुलगी चक्क मान डोलवत ऐकत होती!

"थांब रं, कोड मी आणते," म्हणून आज्जी उठली. हात न टेकता. सहावी वेळ, जी कागदावर कुठंच नाही. मोबाईल घेऊन आली आणि खाली माझ्यापुढं धरला, "अंगठा लाव." सातबाऱ्याला लावावा तसा मी बसल्या जागी अंगठा लावला, लॉक उघडलं, आज्जीनं चष्मा वर-खाली करत चार आकडे वाचून दाखवले. मग त्यानं मला बगलेत हात घालून उभं केलं. भरलेला सिलेंडर तीसेक किलोचा, तो त्यानं एका हातानं आत नेला होता. जाताना म्हणाला, "सिलेंडर बरा, काका."

हसा. पण खरा राग वेगळाच आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आज्जी खाली बसून विळीवर भाजी चिरायची, पाट्यावर चटणी वाटायची, मोती चौकापर्यंत चालत जाऊन यायची. दिवसाला तीस-चाळीस उठाबशा तर नुसत्या कामातच व्हायच्या. मग मोरीत पाय घसरला. मोडलं काही नाही, पण आम्ही टरकलो. विळी माळ्यावर, पाटा अंगणात, कमोड बसवला, खुर्ची आणली, आणि दिवसातनं वीसदा "आज्जी, तू उठू नकोस." तेव्हा दाखवलं त्या डॉक्टरांनीही "आता आराम" एवढंच सांगितलं आणि फी घेतली.

ही मुलगी आत्ता सांगते, तोल गेल्यावर झटकन सावरणारे स्नायू म्हातारपणी आधी वाळतात, आणि पडायच्या भीतीनं बसवून ठेवलं की आणखी लवकर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० सालीच सांगून ठेवलंय, ६५ च्या पुढं तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातनं तीन दिवस तरी करा. आम्हाला कोण सांगणार? आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज दहा हजार पावलांचा मेसेज येतो, आणि तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानात पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलेला! आणि आज्जीनं पावलं टाकायची कुठं? आमच्या बोळाला उतार, फुटपाथ नाही, कडेला गाड्या लावलेल्या, आणि मधल्या वाटेनं पोरं हॉर्न वाजवत येतात.

असो. विळी काढलीय खाली. ती मुलगी व्यायामाचा कागद फ्रिजवर लावून गेलीय, वर आज्जीचं नाव, खाली कंसात माझं. ते कंसातलं मला न विचारता लिहिलंय.

पुढचा सिलेंडर महिन्याभरानं येईल. मी घरात नसेन, कोड आज्जीला देऊन जाईन.